दाराआडच्या स्त्रिया : फ्रेंच पेस्टलचित्रांतील घरगुती जग

युरोपीय चित्रकलेत चर्च, दरबार आणि रणांगण तैलरंगाकडे गेले, तर पेस्टलच्या वाट्याला बहुतेक वेळा घरातली खोली आली. फ्रान्समध्ये १७२० च्या सुमारास रुजलेले हे माध्यम विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पुन्हा पुन्हा एकाच विषयाकडे वळताना दिसते : न्हाणारी, केस विंचरणारी, टोपी घालून पाहणारी, मुलाला भरवणारी, किंवा काहीच न करता सोफ्यावर बसून राहिलेली स्त्री. हा निव्वळ योगायोग नव्हता. पेस्टलच्या कांडीचे गुणधर्म, ती हाती घेणाऱ्यांचे समाजातील स्थान आणि त्या काळच्या घरांतील राहणीमान यांचा हा एकत्रित परिणाम होता. आणि त्या खोलीत खडू घेऊन उभी असलेली व्यक्ती परकी आहे की घरची, यावर खोलीचे चित्र कसे उमटणार हे पुष्कळसे ठरत होते.

पेस्टलची घडण अगदी साधी असते. रंगद्रव्याची बारीक पूड, तिला अंग यावे म्हणून खडू किंवा चिनी माती, आणि कांडी हातात धरण्याइतपत टिकावी एवढ्यापुरताच डिंक, इतकेच तिचे घटक. शाळकरी मुलांच्या दप्तरात असणारे ऑइल पेस्टल हे मेण आणि तेल घातलेले, १९२५ मध्ये जपानमध्ये बाजारात आलेले वेगळे साधन आहे. फ्रेंच चित्रकारांची कांडी कोरडी, भुसभुशीत आणि बोटाला लागताच पूड सोडणारी असे. तैलरंगात रंगद्रव्याचा प्रत्येक कण तेलाने वेढलेला असतो, त्यामुळे त्याला खोली आणि चकाकी येते; पेस्टलमध्ये तो कण जवळजवळ उघडाच कागदाच्या खरबरीत पृष्ठभागावर अडकून बसतो आणि पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. म्हणूनच पेस्टलचा रंग मखमली, झळाळी नसलेला, तरीही अतिशय उजळ दिसतो, आणि मानवी त्वचेचा पोत दाखवण्यास त्याच्या तोडीचे दुसरे साधन मिळणे कठीण. शिवाय हे काम वाळण्याची वाट पाहावी लागत नाही, टर्पेंटाइनचा वास नाही, काम मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे नेता येते, आणि सारे साहित्य एका पेटीत मावते. यजमानाच्या दिवाणखान्यात किंवा बाळंतिणीच्या खोलीतही चित्रकाराला कोणाची गैरसोय न करता बसता येई. त्या काळच्या टीकाकारांनी पेस्टलची तुलना स्त्रियांच्या शृंगारमेजावरील पावडर आणि लालीशी केली ती बऱ्याचदा हिणवण्यासाठी होती. तथापि पूड, रंग आणि त्वचा यांचे नाते दोन्हीकडे सारखेच होते, हे मान्य करावे लागते.

फ्रान्समध्ये या माध्यमाची खरी लाट आणली ती व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएरा या स्त्रीने. १७२० मध्ये श्रीमंत संग्राहक पिएर क्रोझा याची पाहुणी म्हणून ती पॅरिसला आली, त्याच वर्षी राजाश्रय असलेल्या चित्रकला अकादमीने तिला सदस्यत्व दिले, आणि पुढच्या वर्षी ती परतली तोवर उच्चभ्रू पॅरिसमध्ये पेस्टलमधून आपले चित्र काढवून घेणे ही प्रतिष्ठेची बाब झाली होती. तिच्यानंतर मोरिस कांतँ द ला तूर (१७०४–१७८८) याने या माध्यमाला तैलरंगाच्या बरोबरीने बसवण्याचा ध्यास घेतला. १७५५ च्या सालोंमध्ये, म्हणजे अकादमीच्या अधिकृत प्रदर्शनात, त्याने पंधराव्या लुईची सखी मादाम द पाँपादूर हिचे जवळजवळ पावणेदोन मीटर उंचीचे पेस्टलचित्र मांडले. एवढा मोठा कागद मिळत नसल्याने अनेक कागद जोडून ते तयार केले गेले आणि चेहरा स्वतंत्र कागदावर काढून मध्ये बसवण्यात आला. तिच्या हातात स्वरलिपीचे पुस्तक आहे, शेजारच्या मेजावर माँतेस्किय आणि व्हॉल्तेर यांचे ग्रंथ आणि दिदरोच्या विश्वकोशाचा एक खंड आहे. हे दरबारी चित्र आहे, घरगुती नव्हे. खोलीचा आव आणून केलेले ते राजकीय निवेदन होते. ला तूरचे अधिक खरे खोलीतले चित्र त्याच्या दोन वर्षे आधीच्या, १७५३ च्या सालोंमधील आहे : घरगुती पेहरावातील मादम्वाझेल फेराँ न्यूटनचा ग्रंथ उघडून विचारात गढलेली आहे. विज्ञान वाचणारी स्त्री, तीही घरच्या वेशात, हा त्या शतकात चित्राचा विषय होऊ शकतो हे या चित्राने दाखवले. ते आज म्युनिकला आहे.

घरातील नित्याची कृती हाच चित्राचा गाभा मानणारे अठराव्या शतकातील सर्वांत देखणे पेस्टल मात्र जिनिव्हाचा चित्रकार झाँ-एतिएन लिओतार याने १७५४ मध्ये फ्रान्समधील लिओं शहरात काढले. ‘लाव्हेर्न्य कुटुंबाची न्याहारी’ या नावाने ते ओळखले जाते आणि २०१९ पासून लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या मालकीचे आहे. मेजाशी एक तरुण स्त्री आणि एक लहान मुलगी बसल्या आहेत. मुलीच्या केसांत कुरळे वळण येण्यासाठी गुंडाळलेल्या कागदाच्या पट्ट्या अजून तशाच आहेत, म्हणजे दिवस नुकताच सुरू झाला आहे आणि घराबाहेरच्या कोणाचे इकडे लक्ष जाईल अशी त्यांना कल्पनाही नाही. मुलगी दूध घातलेल्या कॉफीत काहीतरी बुडवते आहे. स्त्रीने तिच्यासाठी बशी धरली आहे, कारण एवढ्या लहान हातांवर भरवसा ठेवणे म्हणजे मेजावर डाग पडू देणे, हे कोणत्याही घरातील मोठ्या बाईला सांगावे लागत नाही. काळ्या लाखेच्या तबकात पूर्वेकडून आलेली चिनी मातीची भांडी आहेत, त्यांच्यावर आणि चकाकत्या कॉफीदाणीवर खिडकीचा उजेड पडलेला आहे, आणि मेजाच्या अर्धवट उघड्या खणातून स्वरलिपीचा एक कागद डोकावतो, त्यावर चित्रकाराने आपले नाव, शहराचे नाव आणि साल लिहिले आहे. लिओतारने पेस्टलमध्ये तुकतुकीत धातू, लाख आणि पोर्सेलीन इतके चोख उतरवले आहे की माध्यमाच्या मखमली स्वभावाविरुद्ध जाऊन केलेले हे काम वाटते. चित्रातील स्त्रिया त्याच्या नातेवाईक कुटुंबातल्या होत्या. या जवळिकीमुळेच येथे कोणी आपण पाहिले जात आहोत म्हणून सावरून बसलेले नाही. पुढील शतकात याच विषयाचा जो तिढा झाला तो लिओतारला पडलेला दिसत नाही.

त्याच शतकाच्या अखेरीस झाँ-सिमेओं शार्दाँ हा वयोवृद्ध चित्रकार, ज्याची सारी कीर्ती तैलरंगातील स्वयंपाकघरांवर आणि शांत घरगुती प्रसंगांवर उभी होती, पेस्टलकडे वळला. तैलरंगातील शिशाच्या संयुगांनी त्याचे डोळे बिघडले असे त्याच्या समकालीनांचे निदान होते. १७७५ मध्ये त्याने स्वतःचे आणि पत्नी फ्राँस्वाझ-मार्गरीत हिचे पेस्टलचित्र एकत्र प्रदर्शित केले. घरातील टोपी घातलेल्या या वृद्धेच्या चेहऱ्यावर तिला सुंदर दाखवण्याची कसलीही खटपट नाही. पेस्टल हे थकलेल्या शरीराला झेपणारे माध्यम असल्याचे हे पहिले ठळक उदाहरण, आणि या प्रकरणात पुढे ते वारंवार आढळेल. स्त्रियांनाही ते सोयीचे पडत होते, परंतु वेगळ्या कारणाने. अकादमीत एका वेळी चारपेक्षा जास्त स्त्री-सदस्य नसावेत असा नियम होता आणि नग्न पुरुषदेह समोर ठेवून अभ्यास करण्याची स्त्रियांना मुभा नव्हती; त्यामुळे इतिहास आणि पुराणातील भव्य प्रसंग त्यांच्या आवाक्याबाहेर राहत आणि व्यक्तिचित्र हाच मार्ग उरे. १७८३ मध्ये एकाच दिवशी अकादमीत प्रवेश मिळालेल्या एलिझाबेत व्हिजे ल ब्रं आणि आदेलाईद लाबिय-गियार या दोघींनी पेस्टल आणि तैलरंग दोन्ही हाताळले. त्यांतील दुसरी ला तूरची विद्यार्थिनी होती. क्रांतीनंतर मात्र पावडर लावलेल्या टोपांबरोबर पेस्टलही सरंजामी काळाचा अवशेष ठरले आणि जवळजवळ अर्धे शतक अडगळीत पडले.

त्याला पुन्हा वर आणण्यात झाँ-फ्राँस्वा मिये याचा वाटा मोठा आहे. १८६० च्या दशकात एमिल गाव्हे या संग्राहकाच्या सांगण्यावरून त्याने पेस्टलमध्ये शेतकरी जीवनाची लांबलचक मालिका केली, तिच्यात लोणी घुसळणाऱ्या आणि विणकाम शिकवणाऱ्या खेडुत स्त्रिया आहेत. १८७५ मध्ये हा संग्रह पॅरिसला लिलावात निघाला तेव्हा तेथे चित्रविक्रेत्याच्या दुकानात नोकरी करणारा व्हिन्सेंट व्हॅन गॉख तो पाहून भारावून गेला होता. दहा वर्षांनी, १८८५ मध्ये, पॅरिसमध्ये पेस्टलकारांची स्वतंत्र संस्था स्थापन झाली, रंगांच्या कांड्या बनवणारे हेन्री रोशे यांच्यासारखे रसायनाचे शिक्षण घेतलेले कारागीर नव्या छटा पुरवू लागले, आणि माध्यमाला पुन्हा बाजार मिळाला. संस्थेच्या प्रदर्शनांत मांडलेली बरीच चित्रे लोभस, गोड आणि विसरण्याजोगी होती. लक्षात राहिलेले काम बाहेर, प्रभाववादी म्हणजे इंप्रेशनिस्ट म्हणवल्या गेलेल्या मंडळींच्या वर्तुळात झाले.

एदुआर माने (१८३२–१८८३) त्या मंडळींच्या प्रदर्शनांत कधीच सहभागी झाला नाही, परंतु १८७८ च्या आसपास, पायांच्या दुखण्याने मोठ्या तैलचित्रापुढे तासन्तास उभे राहणे अवघड होऊ लागल्यावर, तोही पेस्टलकडे वळला. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातील त्याच्या ‘टबातील स्त्री’मध्ये अंग धुताना वळून प्रेक्षकाकडे पाहणारी तरुणी आहे. ती लाजत नाही, दचकतही नाही. कोणी ओळखीचे माणूस दारात उभे असावे तसे तिचे पाहणे आहे. मानेच्या स्त्रिया पाहणाऱ्याची दखल घेतात. एद्गार देगाच्या घेत नाहीत, आणि येथूनच या विषयाचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग सुरू होतो.

देगा (१८३४–१९१७) याचे वडील बँकर होते. १८७४ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर घराण्यावरील कर्ज उघडकीस आले, आणि आजवर हौसेने रंगवणाऱ्या मुलाला चित्रे विकून पैसा उभा करणे भाग पडले. पेस्टलचित्र तैलचित्रापेक्षा लवकर पुरे होते आणि लवकर विकले जाते, हा या निवडीमागचा व्यवहार. दृष्टी अधू होत चालली होती आणि जाड रेषेची कांडी मोठ्या कागदावर फिरवणे सोपे होते, हे दुसरे कारण. आरंभी त्याने मोनोटाइपवर पेस्टल लावण्याची युक्ती काढली. मोनोटाइप म्हणजे धातूच्या पत्र्यावर शाईने चित्र काढून त्यावर कागद दाबणे. पहिला ठसा गडद येतो, दुसरा फिका, आणि देगा अनेकदा त्या फिक्या ठशावर खडूने रंग चढवून नवीन चित्र उभे करी. १८७७ च्या प्रदर्शनात अशी चित्रे होती, त्यांतील टबातून बाहेर पडणारी स्त्री गुस्ताव्ह कायबोत या चित्रकार-संग्राहकाकडे गेली आणि त्याच्या मृत्युपत्रानुसार शासनाकडे आली. कायबोतने दिलेली देगाची सातही चित्रे पेस्टलच आहेत.

१८८६ च्या मे महिन्यात पॅरिसमधील र्‍यू लाफितवर प्रभाववाद्यांचे आठवे आणि शेवटचे प्रदर्शन भरले. देगाने तेथे नग्न स्त्रियांची एक पेस्टलमालिका मांडली आणि कॅटलॉगमध्ये तिला नाव देण्याऐवजी क्रियांची यादीच छापली : न्हाणाऱ्या, धुणाऱ्या, पुसणाऱ्या, केस विंचरणाऱ्या, विंचरून घेणाऱ्या. पुराणातील व्हीनस नाही, अप्सरा नाही, तुर्की जनानखान्याचा बहाणाही नाही. प्रेक्षकाला नग्नतेला नेहमी मिळणारे साहित्यिक वस्त्रच येथे काढून घेतलेले होते.

त्याच वर्षीचे ‘टब’ हे ओर्से संग्रहालयातील चित्र सावकाश पाहण्यासारखे आहे. ६० सेंटिमीटर उंच आणि ८३ सेंटिमीटर रुंद कागदावर उथळ, गोल टबात एक स्त्री उकिडवी बसली आहे. एका हाताने तिने टबाच्या तळाशी टेका दिला आहे आणि दुसऱ्या हाताने मानेवर स्पंज फिरवते आहे. पॅरिसच्या बहुसंख्य घरांत त्या काळी स्वतंत्र स्नानगृह नव्हते. पत्र्याचा टब झोपण्याच्या खोलीत जमिनीवर ठेवायचा, घागरीने पाणी ओतायचे, स्पंजने अंग धुवायचे आणि मग पाणी उचलून टाकायचे, अशी ती पद्धत. पाहणाऱ्याची जागा जवळजवळ तिच्या डोक्यावर आहे, त्यामुळे पाठ हा चित्रातला सर्वांत मोठा उजळ भाग होतो आणि चेहरा खाली वळून जवळजवळ हरवतो. कागदाचा उजवीकडचा मोठा पट्टा एका मेजाच्या फळीने कापून काढला आहे. ही फळी इतकी तीव्र कोनात दिसते की तिच्यावरील वस्तू घरंगळून पडतील असे वाटावे : दोन घागरी, गंगावन, ब्रश, आणि ब्रशची मूठ फळीच्या कडेबाहेर येऊन मधल्या मोकळ्या जागेत शिरली आहे. एवढ्या एका मुठीने देगाने सपाट फळी आणि खोल खोली यांना शिवून टाकले आहे. दोन भिन्न दृष्टिकोन असे एकत्र बांधण्याची रीत त्याने जपानी मुद्राचित्रांकडून उचलली, तर उकिडव्या देहाची ठेवण लूव्रमधील प्राचीन शिल्पांच्या अभ्यासातून आलेली आहे. स्त्रीच्या पाठीवर खडूच्या रेषा शरीराच्या वळणाप्रमाणे न जाता तिरक्या, समांतर अशा ओढलेल्या आहेत, आणि जवळून पाहिले तर त्वचा म्हणून दिसणाऱ्या भागात गुलाबी, हिरवट, निळसर रेघा वेगवेगळ्या ओळखता येतात.

हे रंगांचे थर साधणे सोपे नव्हते. कोरड्या पेस्टलवर दुसरा थर दिला की दोन्ही मिसळून रंग मळतो. देगाने यासाठी फिक्सेटिव्ह, म्हणजे पूड कागदाला धरून ठेवणारा पातळ फवारा, प्रत्येक थरानंतर मारण्याची पद्धत अवलंबली. त्याला उपयोगी पडणारे फिक्सेटिव्ह लुइजी कियालिव्हा या इटालियन चित्रकार मित्राने दिले होते आणि त्याची कृती दोघांनी बाहेर फुटू दिली नाही. काही ठिकाणी त्याने पेस्टलवर वाफ सोडून पूड ओली करून ब्रशाने पसरवली, जेणेकरून एकाच चित्रात पातळ लेप आणि कोरडा, खरखरीत थर शेजारी शेजारी बसले. या प्रयोगांचे सविस्तर वर्णन देनी रुआर याने १९४५ मध्ये केले. त्याची आजी, चित्रकर्ती बर्थ मोरिसो, आणि तिच्या पिढीतील मंडळी देगाच्या घनिष्ठ ओळखीची होती. वय वाढत गेले तसा देगा पारदर्शक कागद वापरू लागला. एका चित्राची आकृती दुसऱ्यावर उतरवून घ्यायची, कधी उलटी करायची, कमी पडला तर कागदाचा तुकडा जोडायचा, आणि मग सारे पुठ्ठ्यावर चिकटवून घ्यायचे. लंडनमधील ‘स्नानानंतर अंग पुसणारी स्त्री’ या १८९० च्या दशकातील मोठ्या चित्रात अशा तुकड्यांचे सांधे साध्या डोळ्यांनी दिसतात. ‘क्षणात टिपलेले’ असे ज्यांचे वर्णन होते ती चित्रे प्रत्यक्षात महिनोन्‌महिने उभारलेली असत.

या चित्रांवर सुरुवातीपासून वाद झाला. किल्लीच्या भोकातून पाहिल्याप्रमाणे स्त्रिया दाखवाव्यात असा आपला हेतू असल्याचे देगा आयरिश लेखक जॉर्ज मूर याला म्हणाला होता, आणि त्या विधानाने त्याचा पिच्छा सोडला नाही. कादंबरीकार जोरिस-कार्ल युईसमांस याने १८८९ मध्ये लिहिताना या चित्रांत स्त्रीदेहाविषयी थंड, चिकाटीची घृणा असल्याचा निष्कर्ष काढला. त्याच्या स्तुतीचा आणि निंदेचा सूर एकच आहे, हे या लेखाचे वैशिष्ट्य. १९८० च्या दशकात अमेरिकन कला-इतिहासकार युनिस लिप्टन यांनी दाखवून दिले की त्या काळी सभ्य घरातील स्त्रिया क्वचितच संपूर्ण अंगाने न्हात, वेश्याव्यवसायातील स्त्रियांना मात्र वारंवार धुणे आरोग्याच्या कायदेशीर देखरेखीचा भाग होते, आणि त्यामुळे १८८६ च्या पुरुष प्रेक्षकाने टबातील स्त्री कोण हे मनाशी ठरवून टाकलेले असावे. हे वाचन पटण्यासारखे आहे, पण ते पुरेसे नाही. चित्रांत पुरुष नाही, पैसे नाहीत, आमंत्रण नाही. ज्यांना कामुकता हवी होती त्यांनाच ती सर्वांत कमी मिळाली. चित्रातील स्त्री कामात गढलेली आहे, आणि स्वतःची पाठ पुसणे हे खरोखरच शरीराला पीळ देणारे काम आहे. तरीही हे पाहणे एकतर्फी होते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. या स्त्रिया पगारी मॉडेल होत्या आणि खोली बहुधा देगाच्या चित्रशाळेतच मांडलेली असे. त्यांचे अवघडलेले पवित्रे तासन्तास टिकवण्याचे कष्ट त्यांचे होते. देगाच्या उतारवयातील एका मॉडेलच्या बाजूने लिहिलेले वृत्त १९१९ मध्ये ‘मर्क्यूर द फ्राँस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, त्यात दृष्टी गेलेला, करवादणारा, मध्येच गाणी म्हणणारा वृद्ध आणि थंड खोलीत एका पायावर उभी राहून दमलेली तरुणी दिसते. ‘खासगी क्षण’ कसा तयार होई याचे इतके रोखठोक वर्णन दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळते.

खोलीच्या आत वावरणाऱ्यांची चित्रे वेगळी येतात. बर्थ मोरिसो (१८४१–१८९५) आणि तिची बहीण एदमा या दोघी एकत्र चित्रकला शिकल्या आणि दोघींची चित्रे सालोंमध्ये लागली. १८६९ मध्ये एदमाचे नौदलातील अधिकाऱ्याशी लग्न झाले आणि तिचे रंगवणे जवळजवळ थांबले. १८७१ मध्ये, एदमा गरोदर असताना, मोरिसोने तिचे पेस्टलचित्र काढले. फुलांच्या कापडाने मढवलेल्या सोफ्यावर काळ्या पोशाखातील एदमा समोर पाहत बसली आहे, हात मांडीवर, तोंडावर स्मित नाही. काळा रंग कागदावर असा पसरला आहे की उदर दिसावे तितके दिसते आणि लपवावे तितके लपते. त्या काळच्या सभ्य चित्रकलेत गरोदर स्त्री अपवादानेच आढळते, म्हणून हे चित्र महत्त्वाचे. परंतु त्याची पकड विषयाच्या धाडसात नाही, ती दोघींमधील माहितीत आहे. रंगवणारीला ठाऊक आहे की समोर बसलेली काल-परवापर्यंत तिच्या शेजारी उभी राहून रंगवत होती. १८७२ च्या सालोंमध्ये हे चित्र स्वीकारले गेले आणि आज ते ओर्से संग्रहालयात आहे.

मोरिसोच्या आणि तिच्या वर्गातील इतर स्त्रियांच्या विषयांना मर्यादा होत्या. एकटीने कॅफेत बसणे, नाट्यगृहाच्या पडद्यामागे जाणे, रात्री रस्त्यावर फिरणे या गोष्टी सुखवस्तू घरातील स्त्रीला शक्य नव्हत्या. देगाला त्या सहज शक्य होत्या. ब्रिटिश-कॅनेडियन कला-इतिहासकार ग्रिझेल्डा पोलॉक यांनी १९८८ मध्ये हा भूगोल स्पष्ट मांडला : दिवाणखाना, बाग, बाल्कनी, नाट्यगृहातील खासगी कक्ष आणि मुलांची खोली एवढ्याच जागा त्यांच्या चित्रांत येतात. कुंपण होते, यात शंका नाही. मात्र कुंपणाच्या आतला प्रदेश या स्त्रियांनी ज्या तपशिलाने नोंदवला तसा तो बाहेरच्या कोणी नोंदवलेला नाही, आणि त्यामुळे त्यांच्या कामाला केवळ निर्बंधाचे फळ म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल.

मेरी कसाट (१८४४–१९२६) अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाची. पॅरिसला स्थायिक झालेल्या या चित्रकर्तीने १८७५ मध्ये बुलव्हार ओस्मानवरील एका दुकानाच्या खिडकीत देगाची पेस्टलचित्रे पाहिली आणि तिच्या कामाची दिशा बदलली. १८७७ मध्ये देगाने तिला आपल्या मंडळींबरोबर प्रदर्शनात येण्याचे निमंत्रण दिले. तिने आपली तरुण मैत्रीण लुईझीन एल्डर हिला देगाचे नर्तकींच्या सरावाचे पेस्टल पाचशे फ्रँकला घ्यायला लावले; ही मुलगी पुढे साखरसम्राट हॅव्हमायर याची पत्नी झाली, आणि अमेरिकेत देगाची चित्रे पोहोचण्यात तिच्या संग्रहाचा मोठा हात राहिला. देगासाठी कसाट स्वतः मॉडेल म्हणूनही अधूनमधून उभी राही. टोप्यांच्या दुकानातील त्याच्या पेस्टलचित्रांत आरशापुढे टोपी घालून पाहणारी गिऱ्हाईक काही ठिकाणी ती आहे.

१८८० नंतर कसाटच्या चित्रांत आई आणि मूल हा विषय वाढत गेला आणि १८९० च्या दशकात तिने त्यासाठी बहुतांशी पेस्टल वापरले. १८९० मध्ये पॅरिसला भरलेल्या जपानी मुद्राचित्रांच्या प्रदर्शनाने, विशेषतः उतामारोच्या आई-मुलांच्या चित्रांनी, तिच्या रचनेला सपाट पट्टे आणि कापलेल्या कडा दिल्या. तिच्या पेस्टलमध्ये चेहरे आणि हात काळजीपूर्वक मळून पुरे केलेले असतात, तर पोशाख आणि पार्श्वभूमी मोकळ्या, झपाट्याने ओढलेल्या रेषांवर सोडलेली असते; अंगडे कुठे संपते आणि खुर्ची कुठे सुरू होते याची तिला फिकीर नाही, पण मुलाच्या मांडीखाली आईची बोटे किती रुततात हे मात्र ती चुकवत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील १८९५ च्या चित्रात दाई लहान मुलीला पुस्तक वाचून दाखवते आहे. १९१० च्या, डॅलस येथील ‘पेंगुळलेले बाळ’ या चित्रात झोपेने जड झालेले मूल आईच्या अंगावर रेलले आहे. ज्याने झोपलेले मूल खांद्यावर घेतले आहे त्याला ते वजन कागदावरून कळते. कसाट अविवाहित होती, आणि तिच्या चित्रांतील ‘आई’ बऱ्याचदा दाई किंवा तिच्या गावाकडील घराच्या आसपासची शेतकरी स्त्री असे. देगाच्या खोलीइतकीच तिची खोलीही रचलेली होती. फरक हा की येथे मुलाचे शरीर पेलण्याचे काम चित्राच्या मध्यभागी आहे, आणि दाईच्या मोबदल्यावर चालणाऱ्या घराची खबर कसाटच्या चित्रांतून पुसली गेलेली नाही.

म्हणून देगाला हेरणारा पुरुष आणि कसाटला मायाळू स्त्री म्हणून दोन खणांत टाकणे सोयीचे असले तरी खरे नाही. १८८५ चे, उथळ टबात उभी राहून अंग धुणाऱ्या स्त्रीचे देगाचे एक पेस्टल कसाटने स्वतःच्या ‘केस सारखे करणारी मुलगी’ या तैलचित्राच्या बदल्यात घेतले. देगाने तिचे चित्र आयुष्याच्या अखेरपर्यंत आपल्याजवळ ठेवले, तिने त्याचे १९१९ पर्यंत. त्यानंतर तिने ते लुईझीन हॅव्हमायर हिला विकले, आणि १९२९ मध्ये हॅव्हमायर संग्रहाबरोबर ते मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आले. स्वतःच्या भिंतीवर ते नग्नचित्र तीन दशकांहून अधिक काळ लावणाऱ्या चित्रकर्तीने त्यात अपमान पाहिला नव्हता, एवढे तरी निश्चित. मोतीबिंदूमुळे कसाटचे काम १९१४ च्या सुमारास थांबले. शेवटच्या वर्षांतील तिच्या पेस्टलचे रंग कर्कश होत गेले, कारण फिकट छटा तिला दिसेनाशा झाल्या होत्या.

पेस्टलचित्र काचेशिवाय जपता येत नाही, कारण हात लागला किंवा चौकटीला धक्का बसला तरी पूड सुटते. म्हणून बहुतेक संग्रहालये ती सहसा दूरच्या प्रदर्शनांना पाठवत नाहीत, साध्या प्लास्टिकच्या पत्र्याऐवजी काच वापरतात, कारण प्लास्टिकची स्थिर वीज पूड ओढून घेते, आणि प्रखर उजेडाने काही रंगद्रव्ये उडतात म्हणून चित्रे मंद प्रकाशात काही महिनेच भिंतीवर ठेवून पुन्हा अंधाऱ्या कपाटात नेतात. ‘टब’ पाहण्याच्या इराद्याने पॅरिसला जाणाऱ्या वाचकाने ते चित्र सध्या भिंतीवर आहे की विश्रांतीत, याची ओर्से संग्रहालयाकडे आधी चौकशी करावी.